उशी टाचेखाली

माझा उजवा पाय आज सरळ होतो, वाकतो आणि मला घेऊन जंगलातला चढ चढतो. याबद्दल सर्वांत मोठं ऋण माझ्यावर कोणाचं असेल तर ते वंदना वहिनींचं. वंदना वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. डॉक्टरांचे, फिजिओथेरपीच्या मॅडमचे, आईबाबांचे आणि दादाचे उपकार मी मानतो, जन्मभर मानीन. पण पहिलं नाव वहिनींचं. ते सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी ते घेत नाही. घेतलंच तर वाईट सांगण्यासाठी घेतात.

हे लिहिताना मी शांत नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाने सगळ्यांचे गोड शब्दांत आभार मानावेत अशी रीत आहे. पण मला राग आलेला आहे आणि तो गिळून लिहिलं, तर आज ज्यांच्या घरात कोणी पाय मोडून पडलं आहे त्यांना या लिहिण्याचा काही उपयोग होणार नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

रानडुक्कर

आमचं घर हायवेवरच्या जाम गावच्या चौकात आहे. पुढे बाबांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल, मागे राहायच्या खोल्या. ट्रकवाले थांबतात, चहा-पोहे खातात, जातात. या घरात मी पहिला पदवीधर. बी.ए. केलं हिंगणघाटला, आणि भरतीची तयारी केली हायवेच्या कडेने पहाटे धावून. आमच्याकडची बरीच पोरं अशीच धावतात. नोकरी मला पुस्तकांनी दिली तितकीच पायांनी दिली. वनरक्षक झालो. गिरडच्या बाजूला मला बीट मिळालं. बीट म्हणजे जंगलाचा एक तुकडा, जो एका वनरक्षकाने रोज पायी फिरून सांभाळायचा असतो. गणवेश घालून मी पहिल्यांदा हॉटेलात आलो तेव्हा बाबांनी एका अनोळखी ट्रकवाल्याला फुकट चहा पाजला होता.

एका संध्याकाळी ड्यूटीवरून परत येताना मोटारसायकलीपुढे रानडुक्कर आडवं आलं. मी पडलो, गाडी पायावर पडली. डुक्कर निघून गेलं.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच विनोद केला. "काऊन बे, जंगलवाल्याले डुकरानंच पाडलं? साहेबाले ओळखलं नाई का त्यानं?" पहिल्या वेळी मी हसलो. पुढे पुढे मी भिंतीकडे तोंड करून पडू लागलो.

दोन वाक्यं

मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. वर्ध्याच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हाड जुळवलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "सर, जंगलात परत जाता येईल?"

ते म्हणाले, "हाड मी जुळवून देतो. गुडघा तुमच्या हातात. पाय जमिनीवर टेकवायचा नाही, मी सांगेपर्यंत. आणि गुडघा रोज हलवायचा, सरळही करायचा, वाकवायचाही. दोन्ही कराल तर जाल."

दोन वाक्यं होती. घरी एकच पोचलं.

ते कसं, तेही सांगतो. रुग्णालयाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी चादरी बदलतात, मग डॉक्टरांची फेरी, मग इंजेक्शन, मग डबे घेऊन येणारे नातेवाईक. पडल्या पडल्या लघवी करण्याची लाज पहिल्या दिवशी जीव घेते आणि तिसऱ्या दिवशी संपते. ऑपरेशननंतर फिजिओच्या मॅडम आल्या. वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी चादर बाजूला केली आणि म्हणाल्या, "टाच गादीवरून मागे ओढा." मी ओढली आणि असा ओरडलो की आई कानावर हात ठेवून व्हरांड्यात पळाली. दादा औषधाच्या दुकानात गेला होता. पलंगाच्या पायथ्याशी वहिनी एकट्या उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. टाच ओढणं पाहिलं, मांडी आवळून गुडघा खाली दाबणं पाहिलं, आणि मॅडमना विचारलं, "हे घरी मी करून घेतलं तर चालन का?"

"तुम्हीच घ्या," मॅडम म्हणाल्या. "पेशंटची आई करू शकत नाही. आईचा जीव होत नाही."

व्हरांड्यात आई दुसऱ्या बायांना सांगत होती, "डॉक्टरनं पाय टेकवू देऊ नका म्हनलं. आता मी त्याले हलूच देत नाई."

लाड

घरी माझी खाट समोरच्या खोलीत टाकली. मामाने शेतातला नवा कापूस पाठवला होता. आईने दोन दिवस बसून हाताने त्यातली सरकी काढली, पांढरी खोळ शिवली आणि उशी भरली. ती उशी तिने माझ्या गुडघ्याखाली ठेवली. काय आराम वाटला म्हणून सांगू! दुखरा गुडघा जरा वाकलेल्या अवस्थेत उशीवर टेकला की ठणका थांबतो. मला वाटलं, डॉक्टरांना जमलं नाही ते आईने केलं.

आता जे सांगतो ते ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी नीट वाचावं. ती उशी माझा पाय वाकडा करत होती. वाकलेल्या गुडघ्याला सतत आधार मिळाला की तो तसाच धरला जातो. मागच्या शिरा आखडतात. पुढे तो सरळ होत नाही, आणि हलवलाच नाही तर जास्त वाकतही नाही. दार अर्धवट उघडं राहून गंजावं तसं होतं.

आणि आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येण्याची पद्धत! बिस्किटाचा पुडा, केळी, शहाळं. येणारा खाटेजवळ बसायचा, डुकराचा विनोद करायचा, आणि उठताना प्रेमाने उशी आणखी आत सारायचा. "नीट ठेव गा उशी. पायाले जपजो." शेजारी, मामा, बाबांचे गिऱ्हाईक, माझे शाळेतले गुरुजी. एकानेही उशीला हात लावल्याशिवाय निरोप घेतला नाही. मला पाणी तोंडाशी, जेवण तोंडाशी, मोबाईल हाताशी. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरलेला, रोज पहाटे धावणारा माणूस, आणि खाटेवर लोळत लोळत मला वाटायचं की लोक किती चांगले आहेत.

लोक चांगलेच आहेत. म्हणून तर राग येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. शहाळं घेऊन आलेल्या माणसाशी काय भांडणार?

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, मला सांभाळायला म्हणून मुक्कामालाच आली. तिची चिंता वेगळी होती. "पोरगा लंगडा राह्यला तं पोरगी कोन देईन याले?" हे ती माझ्यासमोर, माझ्या पायाकडे बघत, पेल्यात चहा फुंकत म्हणायची.

वहिनी

वहिनी सकाळी हॉटेलात पोह्यांचं बघायच्या आणि गर्दी ओसरली की मागे यायच्या. एका दुपारी मी म्हणालो, "वैनी, पानी द्या."

"घ्या ना."

"तांब्या तिकडं कोनाड्यात हाये."

"मीच ठेवला तिकडं. वॉकर घ्या, डाव्या पायावर उभे राहा, उजवा वर धरा, आन् जाऊन प्या."

मला खरंच वाटलं की त्या थट्टा करत आहेत. मी वाट पाहिली. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी मी घामाघूम होत कोनाड्यापर्यंत गेलो, पाणी प्यायलो आणि त्यांना म्हणालो, "तुमी मानूस हाये का कोन हाये?"

"परत येताना तांब्या भरून ठेवजा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी उशी काढली. गुडघ्याखालून ओढली आणि माझ्या टाचेखाली ठेवली. टाच उंच, गुडघा अधांतरी. गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला नाही, दाबला नाही, फक्त सांगितलं, "पाय सैल सोडा. त्याचा त्यालेच खाली येऊ द्या." पायाच्या स्वतःच्या वजनाने गुडघा खाली ओढला जाऊ लागला आणि मागच्या बाजूने अशी कळ निघाली की मी त्यांना नको ते बोललो. शिव्याच दिल्या, लपवत नाही.

"द्या शिव्या," त्या म्हणाल्या. "पन उशी काढू नका."

"कायले छळून राह्यल्या तुमी मले?"

तेव्हा त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "आमच्या बाबाचा पाय पाह्यला होता ना तुमी, लग्नात?"

पाहिला होता. वहिनींचं माहेर आष्टीचं. तिथे बाजारात त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्नात ते एका स्टुलावर बसून होते, एक पाय कायम पुढे वाकलेला. मला वाटलं होतं, जन्माचंच असेल.

"जन्माचं नाई थे," वहिनी म्हणाल्या. "शिडीवरून पडले, पाय मोडला. आमी चौघी बहिनी. पानी हातात, ताट हातात, पायाखाली उशी. मीच ठेवत होती उशी. लय लाड केले बाबाचे. लाड करून करून वाकडा केला पाय. आता दुकानात खाली बसता येत नाई त्याईले, का बाजारभर फिरता येत नाई. तुमाले जंगलात जायचं हाये का स्टुलावर बसायचं हाये?"

त्या दिवशी मी उशी टाचेखालीच राहू दिली.

पुढे रोज ते चालू झालं. वहिनी आल्या की उशी टाचेखाली, वहिनी हॉटेलात गेल्या की आई ती परत गुडघ्याखाली. एका उशीची दोन माणसांत ओढाताण. आईशी वहिनी कधी भांडल्या नाहीत. फक्त उशी सरकवत राहिल्या.

माझं ओरडणं बाहेर हॉटेलात ऐकू जायचं. चौकात बोलणं सुरू झालं की मोठी सून धाकट्याला छळते, पाणीसुद्धा देत नाही. हे बोलणं पसरवायला आत्याला घराबाहेर पडण्याचीही गरज नव्हती, ती हॉटेलच्या बाकावर बसून होती.

तपासणीचा दिवस

तपासणीला दादा आणि आई मला घेऊन वर्ध्याला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि खूश झाले. मग गुडघा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पाय सरळ करायला सांगितला. झाला नाही. वाकवायला सांगितला. थोडासा वाकून अडला.

"हाड जुळून राहिलं, आणि गुडघा तुम्ही घालवून बसले," ते म्हणाले. "असंच चाललं तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. तरी पूर्ण सरळ होईल याची हमी नाही. मग जंगलाची नोकरी विसरा."

विसरा! इतक्या सहज. मी खुर्चीच्या हाताला धरून बसलो. हायवेवरच्या सगळ्या पहाटा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

फिजिओच्या मॅडमनी पुन्हा तपासलं. त्या रागावल्या होत्या, पण त्यांनी नीट विचारलं. "घरी काहीच केलं नाही असंही दिसत नाही. मांडीत ताकद आहे. कोण करून घेत होतं?"

"वहिनी," मी म्हणालो.

"काय करायच्या?"

"टाचेखाली उशी ठेवायच्या. पाणी आणायला उठवायच्या."

"मग एवढा आखडला कसा?"

"वहिनी गेल्या की उशी परत गुडघ्याखाली यायची," मी म्हणालो. मॅडमनी कपाटातून एक उशी काढली, माझ्या टाचेखाली ठेवली आणि आईला जवळ बोलावलं. "मावशी, बघा. हे असं. त्या बाई बरोबर करत होत्या. या गुडघ्यात आज जे काही उरलं आहे ते त्यांच्यामुळे उरलं आहे. गुडघ्याखाली उशी यापुढे कधीच ठेवायची नाही."

आई त्या उशीकडे बघत राहिली. माझी कळ सुरू झाली, मी ओठ चावला. या वेळी ती व्हरांड्यात गेली नाही.

परतीच्या रस्त्यावर मी ठरवलं होतं, घरी गेल्या गेल्या वहिनींना सांगायचं की मॅडम काय म्हणाल्या. दादा तर हसत होता, "आता पाह्य, थे मले महिनाभर टोमने मारीन."

घरी वहिनी नव्हत्या. त्यांची बॅग नव्हती. आम्ही वर्ध्याला असताना आत्याने त्यांना हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं. "तुह्या बापाचा पाय गेला म्हनून तुले दुसऱ्याचा बी घालवाचा हाये का?" हे वाक्य मला चहा देणाऱ्या कारागिराने सांगितलं. वहिनी हातातला झारा ठेवून आत गेल्या आणि आष्टीकडे जायला निघाल्या.

आत्याने बोलायची हिंमत केली कारण आदल्या दिवशी आई तिच्याजवळ रडली होती, "माह्या पोराले छळते थे." शब्द आईचे होते. आत्याने फक्त त्यांना धार लावली.

व्यायामाची खोली

त्यानंतर एक दिवसाआड मी वर्ध्याला जाऊ लागलो. त्या खोलीबद्दल थोडं सांगतो, कारण जायला लोक घाबरतात.

तिथे भिंतीला लावलेल्या शिड्या असतात, जागच्या जागी चालवायची सायकल असते, दोरी आणि कप्पी असते. खांदा धरलेल्या बाया दोरी ओढतात आणि सुनांच्या तक्रारी करतात. लकवा झालेले एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक डाव्या हाताने चेंडू दाबायचे आणि दर वेळी चेंडू खाली पडला की स्वतःलाच म्हणायचे, "बाहेर उभा राहा!" सगळे हसायचे. त्या हसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुखतं. कोणी सांगितलं की दुखत नाही तर खोटं आहे. पण ते दुखणं मोजता-मापता येण्यासारखं असतं. आज इथे अडला, उद्या जरा पुढे. मॅडम म्हणायच्या, "राग आला का? चांगलं आहे. श्वास सोडताना काढा." मी काढायचो. आत्याचा राग मी सायकलवर काढला. केळी आणणाऱ्यांचा राग शिडीवर. "पायाले जपजो" म्हणणाऱ्या एकेका तोंडाची आठवण काढून मी गुडघा वाकवला. आणि सर्वांत जास्त राग मला त्या शब्दाचा होता, आराम. आमच्याकडे प्रेमाचा अर्थ आराम. माणूस पडला की त्याला हलू द्यायचं नाही. जो हलवेल तो निर्दय.

घरी आता आईच उशी टाचेखाली ठेवायची. ठेवून तोंड फिरवून बसायची आणि पदराचं टोक दातात धरायची. मी ओरडलो तरी उशी काढायची नाही. हे तिच्यासाठी किती जड होतं ते मला कळत होतं. पण वहिनींचं नाव तिने काढलं नाही. दादा आष्टीला दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा वहिनींनी त्याला जेवू घातलं आणि एकच सांगितलं, "मले तुमी नाई काढलं. ज्याईनं बोलून काढलं त्याईनं येऊन बोलावं." दादा आईला सांगायचा. आई भांडी घासायला उठायची.

मी फोन केला तर वहिनी उचलायच्या नाहीत. संदेश पाठवला की निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही.

पाय टेकवायची परवानगी मिळाली. वॉकर सुटला, काठी आली. वनखात्यातले आमचे साहेब भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, "नीलेश, तुला तपासणी नाक्यावर बसवतो. खुर्ची आहे, पंखा आहे. जंगलात कशाला पाय घासतो?" तिथेही उशीच होती, गुडघ्याखाली ठेवायची. मी म्हणालो, "सर, थोडा वेळ द्या. फिट नाही ठरलो तर बसतो." माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "बरं."

केळझर

आई केळझरच्या गणपतीला नवस बोलली होती की पोरगा आपल्या पायाने पायऱ्या चढून दर्शनाला येईल. काठी सुटल्यावर आम्ही गेलो. सगळे नातेवाईक बोलावलेले. फिटनेसची तपासणी अजून बाकी होती, पण पायऱ्या मी चढलो. उजवा पाय वर, मग डावा. मध्ये एकदा थांबलो, कठडा धरला नाही.

खाली झाडांच्या सावलीत स्वयंपाक होता. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो, सगळ्यांना दाखवायला म्हणूनच. बायकांच्या पंगतीजवळ आलो तर आत्याचं बोलणं कानावर आलं.

"माह्या भावजयीनं सेवा केली म्हनून उभा झाला पोरगा. नाईतर एक होती घरात, घोटभर पानी देत नोती त्याले. गेली थे बरंच झालं. घरातली पीडा गेली."

मी बादली खाली ठेवली.

"आत्या, काय म्हनली तू? पुन्हा म्हन."

"काई नाई रे. वाढ तू."

"नाई, म्हन. मोठ्यानं म्हन." पंगत थांबली. "या पायऱ्या मी कोनामुळं चढलो, माहीत हाये का तुले? जिनं पानी दिलं नाई तिच्यामुळं. तुमी सगळ्याईनं मिळून माहा पाय वाकडा करून ठेवला होता. तू, मामा, इथं बसलेले सगळे. यायचे, उशी सारायचे, केळं ठेवायचे, जायचे. डॉक्टरनं नोकरी विसर म्हनलं होतं मले. एक बाई रोज थे उशी काढत होती तं तिलेच तुमी घरातून काढलं."

"पाह्य! शिकला तं आता मोठ्याले शिकवून राह्यला!" आत्या इकडेतिकडे बघत म्हणाली.

बाबा लगबगीने आले. "नीलेश, लोकं जेवून राह्यले."

"जेवू द्या, बाबा. ऐकत ऐकत जेवतीन."

मामा ताटात बघत बसले. कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "गणपतीच्या दारात तरी..." मला गणपतीचीही भीड वाटली नाही. त्याच्या समोर खोटं चाललं होतं, तर खरंही त्याच्याच समोर बोलायला हवं होतं.

आई पोळ्यांची टोपली घेऊन उभी होती. पंगत पुढे सरकली तशी ती वाढत गेली. आत्याच्या ताटात मात्र तिने पोळी टाकली नाही. पुढच्या बाईला वाढली.

परत येताना सेलूचा फाटा मागे पडल्यावर आईने खिडकीबाहेर बघत दादाला विचारलं, "आष्टीले जायले सकाळची गाडी किती वाजता राह्यते?"

पत्र

खाली जे पत्र देत आहे ते मी वहिनींना पोस्टाने पाठवलं. छापायला त्यांची परवानगी मी नंतर घेतली. "छापा," त्या म्हणाल्या, "आन् आमच्या बाबाचंही लिहा. त्याईचा पाय पाहून तरी कोनी शिकन."

*ती. वंदना वहिनींस,*

*नीलेशचा नमस्कार.*

*फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो. हे तरी पूर्ण वाचाल.*

*आज माझी तपासणी झाली. पाय पूर्ण सरळ होतो. मांडी घालून बसताना अजून जरा अडतो, पण उकिडवं बसता येतं, उठता येतं, चढता येतं. डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. सोमवारपासून मी माझ्या बीटवर जाणार आहे. नाक्यावरची खुर्ची मला लागली नाही. ही बातमी घरात कोणाला सांगण्याआधी मी तुम्हाला लिहितो आहे. बाबा अजून बाहेर चहाच करत आहेत.*

*मॅडमनी आईसमोर सांगितलं होतं की तुम्ही बरोबर करत होत्या. हे सांगायला मी त्या दिवशी घरी येत होतो आणि तुम्ही निघून गेला होता. तेव्हापासून ते वाक्य माझ्याकडे पडून आहे. आज तुमचं तुम्हाला देतो.*

*केळझरला मी आत्याला बोललो ते दादाने तुम्हाला सांगितलंच असेल. लोक म्हणतात, जास्त बोलला. मला वाटतं, कमीच बोललो. राग अजून गेलेला नाही आणि तो लवकर जावा अशी माझी इच्छाही नाही.*

*तुम्ही परत या, असं मी लिहिणार नाही. तो तुमचा निर्णय आहे. कोणी काय बोलावं ते तुम्ही दादाजवळ सांगून ठेवलं आहे आणि ते अगदी बरोबर आहे. म्हणून मी स्वतः आलो नाही. माझ्या येण्याने आईचं काम हलकं झालं असतं, आणि आमच्या घरात हलकं करून करूनच सगळं बिघडतं.*

*आई रविवारी येत आहे. एकटी. दादा सोबत येतो म्हणाला तर तिने नको सांगितलं. तिने ती उशी उसवली, कापूस उन्हात घातला, पुन्हा भरली आणि पिशवीत ठेवली आहे. तुमच्या बाबांसाठी म्हणते. त्यांच्या पायाला आता उशीर झाला आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. टाचेखाली कशी ठेवाची थे मले माहीत हाये."*

*वहिनी, ती दारात येईल, ओट्यावर बसेल आणि तिला बोलायला शब्द सापडणार नाहीत. तिच्या जन्मात तिने कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही. सुरुवात म्हणून ती पाणी मागेल. विहीण दारात आली की पाणी घेऊन पळायची रीत आहे, तुमची आई उठेलही. तिला उठू देऊ नका. तुम्हीही उठू नका.*

*माठ कुठे आहे ते फक्त दाखवा.*

*तुमचा भाऊजी,*
*नीलेश*